पैसे कट झाले पण नोटा आल्या नाहीत: एटीएमच्या मागे नेमकं काय चालतं?

स्विचवाला (धागाकर्ता)

मी एटीएम स्विचवर काम करतो, म्हणजे मशीन आणि तुमचं खातं यांच्या मधे जे सॉफ्टवेअर बसलेलं असतं त्यावर. ओळखीपाळखीतले सगळे एकच विचारतात, खात्यातून पैसे गेल्याचा मेसेज आला पण नोटा आल्या नाहीत, असं होतंच कसं, मशीनला कळत नाही का? दोन वाक्यांत सांगता येत नाही म्हणून धागा काढतोय.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका. मशीनमध्ये तुमचं खातं नसतं, बॅलन्स नसतो, आणि पिन बरोबर की चूक हेही त्याला कळत नाही. त्याला दोनच कामं येतात, विचारणं आणि नोटा मोजून देणं. द्यायच्या की नाही हे ठरवणारा लांब कुठेतरी बसलेला असतो.

तुम्ही कार्ड घातलं, चिप वाचली, पिन दाबला, रक्कम टाकली. मशीन हे सगळं बांधून आपल्या होस्टकडे पाठवतं, म्हणजे ज्या बँकेचं मशीन आहे तिच्या स्विचकडे. स्विच कार्ड नंबरचे पहिले सहा आकडे बघतो (आता बऱ्याच ठिकाणी आठ बघतात), त्यावरून कार्ड कुणाचं ते कळतं. आपलंच असेल तर थेट आपल्या कोअर बँकिंगकडे (खाती सांभाळणारं बँकेचं मुख्य सॉफ्टवेअर), दुसऱ्याचं असेल तर मधल्या नेटवर्ककडे आणि तिथून कार्ड देणाऱ्या बँकेच्या स्विचकडे. तिथे पिन तपासतात, चिपने बनवलेली सही तपासतात, कार्ड ब्लॉक आहे का, दिवसाची मर्यादा संपली का, बॅलन्स आहे का, हे सगळं बघून खात्यातून रक्कम वजा करतात आणि 'हो' असं उत्तर त्याच वाटेने उलटं पाठवतात. ते उत्तर मशीनच्या होस्टकडे आलं की होस्ट मशीनला सांगतो, या कॅसेटमधून (म्हणजे मशीनमधल्या नोटांच्या डब्यातून) इतक्या नोटा, त्या कॅसेटमधून इतक्या. तेव्हा कुठे ती आतली घरघर सुरू होते.

म्हणजे घरघर ऐकू येते तोवर पैसे खात्यातून गेलेले असतात! धाग्याचा सगळा मुद्दा इथेच आहे. खात्यातून वजा होणं आणि नोट हातात येणं ही दोन वेगळी कामं, दोन वेगळ्या ठिकाणी, दोन वेगळ्या वेळी होतात, आणि त्यांना जोडणारे फक्त मेसेज असतात. मेसेज हरवू शकतो, उशिरा येऊ शकतो, आणि नोट अडकू शकते.

मेसेज कसा दिसतो तेही सांगतो, कारण पुढे त्याचे आकडे लागतील. आयएसओ ८५८३ नावाचं एक मानक आहे, पहिली आवृत्ती १९८७ ची, आणि जगातली बहुतेक कार्डाची देवाणघेवाण अजून त्याच्याच कुठल्या ना कुठल्या रूपात चालते. त्यात प्रत्येक गोष्टीला नंबर दिलेलं घर आहे. २ नंबरला कार्ड नंबर, ४ ला रक्कम (कायम बारा आकडी, आधी शून्यं भरून), ११ ला सहा आकडी ट्रेस नंबर (व्यवहाराचा अनुक्रमांक), ३७ ला बारा अक्षरी आरआरएन (व्यवहार शोधायचा संदर्भ क्रमांक), ३९ ला उत्तराचा कोड, ४१ ला मशीनचा आठ अक्षरी आयडी, ५२ ला कुलूपबंद पिन, ५५ ला चिपचा मजकूर. मागणीचा मेसेज ०२००, त्याचं उत्तर ०२१०. आणि दिलेलं रद्द करा असं सांगणारा ०४२०, त्यालाच रिव्हर्सल म्हणतात. तुमचे अडकलेले पैसे आपोआप परत येतात ते या ०४२० च्या जिवावर.

गौरी_क

खूप छान धागा, दादा. एक शंका, पिन मशीनला कळत नाही म्हणता पण मी तर मशीनवरच दाबते ना? मग तो तिथे कुठेतरी असणारच.

स्विचवाला

दाबता मशीनवर, पण तो कीपॅड स्वतःच एक वेगळी सीलबंद पेटी असतो. पिन त्याच्या आतच कुलूपबंद होतो आणि बाहेर पडतो तो कुलूप लागूनच. मशीनच्या कॉम्प्युटरला फक्त सोळा जागांचा गिचमिड मजकूर मिळतो.

कसा बनतो बघा. समजा पिन १२३४. आधी ०, मग पिनची लांबी म्हणून ४, मग १२३४, आणि उरलेल्या दहा जागांवर एफ भरायचा. दुसऱ्या ओळीत चार शून्यं आणि पुढे कार्ड नंबरचे शेवटचा चेक डिजिट सोडून उजवीकडचे बारा आकडे. या दोन ओळी एकमेकींत मिसळायच्या आणि जे येईल ते किल्लीने, म्हणजे एका गुप्त आकड्याने, बंद करायचं. म्हणून दोघांचा पिन १२३४ असला तरी बाहेर जाणारा मजकूर वेगळा असतो, कारण कार्ड नंबर त्यात मिसळलाय. ही सगळ्यात जास्त चालणारी पद्धत, नवीन पद्धतीही आल्या आहेत.

पुढे प्रत्येक टप्प्यावर किल्ली बदलते. मशीन ते होस्ट एक किल्ली, होस्ट ते नेटवर्क दुसरी, नेटवर्क ते बँक तिसरी. हे उघडून पुन्हा बंद करण्याचं काम एचएसएम नावाच्या खास यंत्राच्या पोटात होतं, बाहेर उघडा पिन कधीच येत नाही. मशीनची मूळ किल्लीसुद्धा दोन जण दोन तुकड्यांत भरतात, म्हणजे कुणा एकाकडे पूर्ण किल्ली नसते. आणि कीपॅड उचकटायचा प्रयत्न झाला तर तो आतल्या किल्ल्या स्वतः पुसून टाकतो, मशीन बंद.

आता यातूनच एक बिघाड येतो. कीपॅड बदलला किंवा किल्ली एका बाजूला बदलली आणि दुसऱ्या बाजूला नाही, तर त्या मशीनवर येणाऱ्या प्रत्येकाचा पिन चुकीचा ठरतो. तुमचा पिन तुम्हाला पक्का माहीत आहे आणि मशीन चूक म्हणतंय, तर तिथेच परत परत दाबत बसू नका, कारण मोजणी बँकेकडे होते, मशीनकडे नाही, आणि ठरलेल्या संख्येनंतर कार्ड ब्लॉक होतं. दुसऱ्या मशीनवर जा.

नभ

मूळ प्रश्न राहूनच गेला की. आधी नोटा द्या आणि मग खात्यातून वजा करा, असं का नाही करत? ग्राहकाला त्रासच होणार नाही.

स्विचवाला

कारण खात्यातली नोंद उलटवता येते, हातात गेलेली नोट परत ओढता येत नाही. आधी नोट दिली आणि नंतर कळलं की बॅलन्स नव्हता, किंवा वजा करायचा मेसेजच पोचला नाही, तर ते पैसे गेले. आणि लाइन कधी बंद असते हे एकदा कळलं की लोक तेवढ्याच वेळेला येतील. म्हणून जे उलटवता येतं ते आधी, जे येत नाही ते सगळ्यात शेवटी. हा क्रम मला पटतो. पण त्याची किंमत अशी की मधेच काही झालं तर पैसे अडकतात ते ग्राहकाचे, बँकेचे नाहीत. त्यामुळे ते लवकर परत करणं ही बँकेची जबाबदारीच आहे, तिथे उपकाराची भाषा मला अजिबात चालत नाही.

कॅसेट_भरणारा

मी मशीनमध्ये कॅश भरण्याचं आणि छोटी दुरुस्ती करण्याचं काम बरीच वर्षं केलंय. स्विचवाल्यांनी नेटवर्कचं सांगितलं, मी पोटातलं सांगतो, कारण अर्धी भानगड तिथेच असते.

साध्या नोट देणाऱ्या मशीनला नोट केवढ्याची आहे हे कळतच नाही. ते फक्त जाडी आणि लांबी बघतं. कुठल्या कॅसेटमध्ये केवढ्याच्या नोटा आहेत हे आधी सांगून ठेवलेलं असतं, त्यावर ते विश्वास ठेवतं. म्हणजे भरणाऱ्याने मोठ्या नोटांच्या कॅसेटमध्ये लहान नोटा भरल्या तर मशीन अगदी बरोबर मोजून चुकीची रक्कम देईल आणि त्याच्या नोंदीत सगळं बरोबर दिसेल. (नोटा घेतात पण आणि देतात पण, ती मशीन वेगळी, ती नोट ओळखतात.)

नोट कॅसेटमधून रबरी चाकाने किंवा हवेच्या चोषकाने एकेक उचलली जाते. पुढे सेन्सर जाडी मोजतो, दोन चिकटून आल्या, घडी पडलेली आली, चिकटपट्टी लावलेली आली की ती बाजूच्या रिजेक्टच्या डब्यात. कोऱ्या करकरीत नोटा एकमेकींना चिकटतात आणि जुन्या मऊ पडलेल्या नीट उचलल्या जात नाहीत, दोन्हीचा त्रास. पावसाळी दमट हवेत तर विचारू नका. रिजेक्ट जास्त झाले किंवा तो डबा भरला की मशीन प्रयत्न सोडतं, जमवलेला गठ्ठा डब्यात टाकतं आणि बिघाड कळवतं. तुम्हाला बाहेर घरघर ऐकू येते, मग पुन्हा घरघर, आणि मग 'क्षमस्व'.

शेवटची जागा म्हणजे बाहेरची झडप. गठ्ठा झडपेपाशी आला आणि झडप उघडलीच नाही, किंवा गठ्ठा अर्धा बाहेर येऊन अडकला. ही सगळ्यात वाईट जागा, कारण नोट दिली की नाही हे मशीनलाही नक्की सांगता येत नाही.

आणि एक सावध राहायचं. चोर लोक झडपेवर पट्टी चिकटवतात, खरी झडप मागे झाकली जाते, नोटा पट्टीला चिकटून राहतात, मशीनला वाटतं दिल्या. तुम्ही वैतागून निघून जाता आणि मागून कुणीतरी येऊन पट्टी काढून नेतं. म्हणून नोटा आल्या नाहीत तर लगेच जागा सोडू नका, झडपेकडे नीट बघा, काही जादा लावलेलं दिसतंय का, आणि तिथूनच बँकेला फोन लावा. कुणी अनोळखी मदतीला आला तर त्याला लांब ठेवा.

मनस्विनी

आपण नोटा वेळेत घेतल्या नाहीत तर मशीन परत ओढून घेतं ना? मग त्या माझ्या खात्यात परत येतात का?

कॅसेट_भरणारा

ताई, पूर्वी सर्रास ओढायचं. पण लोक गठ्ठ्यातल्या मधल्या नोटा काढून घ्यायचे आणि वरच्या-खालच्या सोडायचे, मशीन उरलेलं आत ओढायचं आणि ओढलेल्या नोटा नीट मोजायचं नाही, मग तेच लोक पूर्ण रकमेचा क्लेम टाकायचे. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी ती सोय बंदच केली. जिथे आहे तिथे ओढलेलं वेगळ्या कप्प्यात जातं आणि माणूस मोजतो तेव्हाच नक्की काय ते कळतं. त्या भरवशावर राहू नका, नोटा लगेच उचला.

वातकुक्कुट

मी प्रोग्रॅमर आहे, बँकिंगमधला नाही. ०४२० रिव्हर्सलसुद्धा मेसेजच आहे ना, मग तो हरवला तर? आणि मधेच लाइट गेली तर मशीन सांगणार तरी काय?

स्विचवाला

अगदी मर्मावर बोट ठेवलंत. तुमच्या क्षेत्रातलंच उदाहरण आहे, दोन सेनापतींचं. दोन डोंगरांवर दोन सेना, मधल्या दरीतून जाणारा निरोप्या पकडला जाऊ शकतो, दोघांनी एकाच वेळी हल्ला करायचा. कितीही निरोप पाठवले तरी शेवटचा पोचला की नाही ही शंका उरतेच. जिम ग्रे या संगणकशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये या कोड्याला हे नाव दिलं. एटीएममध्ये एका डोंगरावर खातं आणि दुसऱ्यावर नोटा. पूर्ण खात्री देणारी पद्धत निघूच शकत नाही, म्हणून सगळी यंत्रणा 'शंका राहिली तर नंतर मिटवायची कशी' यावर उभी आहे.

टायमरपासून सुरू करू. मशीन वाट बघतं, होस्ट वाट बघतो, नेटवर्क वाट बघतं. नियम असा की खात्याच्या जवळचा टायमर सगळ्यात छोटा आणि मशीनजवळचा सगळ्यात मोठा. कुणी हे उलटं लावून ठेवलं तर खात्यात वजा होऊन 'हो' येतंय तोवर मशीन कंटाळून 'क्षमस्व' म्हणून मोकळं होतं. लाइन ठीक, नोटा ठीक, बँक ठीक आणि तरी पैसे अडकतात, आणि गर्दीच्या दिवशीच अडकतात कारण तेव्हाच उत्तरं उशिरा येतात. हा बिघाड मला सगळ्यात जास्त चीड आणतो, कारण तो पूर्णपणे टाळता येण्यासारखा आहे.

दुसरं रिव्हर्सल. होस्टला उत्तर वेळेत आलं नाही किंवा मशीनने बिघाड कळवला की तो ०४२० पाठवतो. समोरून ०४३० अशी पोच आली नाही तर तोच मजकूर ०४२१ म्हणून पुन्हा, आणि पुन्हा. रांगेत ठेवून पोच मिळेपर्यंत पाठवत राहतो. बँक बंद असेल तर ती सुरू झाल्यावर. त्यात मूळ व्यवहाराच्या खुणा असतात, त्यामुळे दोनदा पोचला तरी पैसे एकदाच परत व्हायला हवेत. अर्ध्याच नोटा निघाल्या असतील तर खरी दिलेली रक्कम ९५ नंबरच्या घरात लिहून तेवढीच कायम ठेवता येते.

आणि लाइट गेली तर? खूप ठिकाणी चालणाऱ्या एका जुन्या मशीन प्रोटोकॉलमध्ये मशीन मागच्या व्यवहाराचा क्रमांक, त्याचा शेवट कसा झाला आणि प्रत्येक कॅसेटमधून किती नोटा गेल्या हे जपून ठेवतं, आणि पुढच्या ग्राहकाच्या मागणीबरोबर तेही पाठवतं. म्हणजे तुमच्या अडकलेल्या पैशांचा खुलासा कधी कधी तुमच्यानंतर आलेल्या माणसाच्या मेसेजमधून होतो.

उत्तररात्र

थोडा इतिहास माझ्याकडून. २७ जून १९६७ ला लंडनच्या एनफिल्ड भागात बार्कलेज बँकेने पहिलं मशीन बसवलं, जॉन शेफर्ड-बॅरन यांचं. त्यात प्लॅस्टिकचं कार्ड नव्हतंच, कागदी व्हाउचर होतं, त्यावर किंचित किरणोत्सारी कार्बन-१४ ची खूण, आणि एका व्हाउचरला १० पौंड. ते कुठल्याही कॉम्प्युटरला जोडलेलं नव्हतं. १९७२ मध्ये लॉइड्स बँकेने आयबीएमची ऑनलाइन मशीन आणली. म्हणजे वातकुक्कुट यांनी विचारलेली शंका ऑनलाइन झाल्यापासूनची, आधी तो प्रश्नच नव्हता, व्हाउचर मशीनच्या पोटातच राहायचं.

केदार_७

मशीनवर नेहमी 'व्यवहार होऊ शकत नाही' एवढंच येतं. खरं कारण का नाही सांगत?

स्विचवाला

३९ नंबरच्या घरात दोन अक्षरी कारण येतं, स्क्रीनवर काय दाखवायचं ते मशीनवाली बँक ठरवते आणि पुष्कळ जण पाचपन्नास कारणांना एकच स्क्रीन लावून ठेवतात. ५१ म्हणजे बॅलन्स कमी, ५५ पिन चूक, ७५ पिनचे प्रयत्न संपले, ५४ कार्डाची मुदत संपली, ६१ रकमेची मर्यादा ओलांडली, ६५ किती वेळा काढायचे ती मर्यादा ओलांडली, ५७ या कार्डाला हा व्यवहार परवानगीत नाही. ९१ आलं तर कार्डवाली बँक किंवा मधला स्विच बंद आहे. काही वेळा बँक बंद असताना नेटवर्क ठरवून दिलेल्या मर्यादेत तिच्या वतीने 'हो' म्हणतं, पण रोख रकमेला सहसा हात आखडता. ०५ म्हणजे 'नाही', बस, कारण न देता, आणि बँका त्याचा वापर फार सैल करतात. कस्टमर केअरला फोन केलात तर 'डिक्लाइनचा कोड काय आलाय' हे विचारा, त्यांना दिसतो.

मर्यादेचा दिवस हाही घोळ आहे. कुणाचा दिवस मध्यरात्री बदलतो, कुणाचा बँकेच्या कामकाजाच्या वेळेनुसार, कुणी मागचे चोवीस तास मोजतं. काल रात्री काढले आणि आज सकाळी नाही म्हणालं तर हे तपासा.

शोधयात्री

माझं प्रकरण सांगतो. नोटा आल्या नाहीत, तक्रार केली, बँकेने कळवलं की मशीनच्या नोंदीनुसार व्यवहार यशस्वी आहे, क्लेम नामंजूर. मी खोटं बोलतोय असंच झालं ना हे? फार लागलं मनाला. आता काय करू?

रेकॉन_ताई

शोधयात्री, मी रिकन्सिलिएशनला, म्हणजे नोंदींचा ताळा लावण्याच्या कामाला आहे, हेच काम रोज करते. 'नोंदीनुसार यशस्वी' याचा अर्थ कुणीतरी एकच कागद बघितला. खरं तर तीन-चार गोष्टी एकमेकांशी लावून बघायच्या असतात. मशीनचा इलेक्ट्रॉनिक जर्नल, म्हणजे ईजे, त्यात नोटा उचलल्या, झडपेपाशी आणल्या, ग्राहकाने घेतल्या असं एकेक पाऊल असतं. मग स्विचची फाइल. मग नेटवर्कच्या सेटलमेंटची, म्हणजे बँकांमधल्या देण्याघेण्याच्या हिशोबाची फाइल. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मशीन उघडून प्रत्यक्ष मोजलेली कॅश. जेवढी असायला हवी त्यापेक्षा जास्त निघाली तर कुणाला तरी मिळालेली नाही, हे उघड आहे.

तुम्ही लेखी मागा: त्या व्यवहाराचा ईजे, तो व्यवहार ज्या काळात झाला त्या काळाचा कॅश मोजणीचा ताळा, आणि कॅमेऱ्याचं चित्रण. चित्रण कायम ठेवत नाहीत, त्यामुळे ते जपून ठेवा असं पहिल्याच दिवशी कळवा. तक्रार कायम कार्ड देणाऱ्या तुमच्या बँकेकडे करायची, मशीन दुसऱ्याचं असलं तरी. तुमची बँक नेटवर्कमार्फत त्यांच्यावर वाद टाकते, पुरावा त्यांनी द्यायचा. त्यानेही झालं नाही तर बँकेच्या वरच्या तक्रार यंत्रणेकडे जा. आणि चोरांच्या पट्टीचा प्रकार असेल तर ईजे आणि मोजणी दोन्ही 'दिले' असंच दाखवतील, तिथे कॅमेराच कामाला येतो.

आरआरएन जपून ठेवा. बऱ्याच यंत्रणांत त्यात तारीख लपलेली असते. उदाहरणार्थ ४१६३१४००२७१८. पहिला ४ म्हणजे वर्षाचा शेवटचा आकडा, १६३ म्हणजे वर्षाचा एकशे त्रेसष्टावा दिवस, २०२४ धरलं तर ११ जून, १४ हा तास (कधी कधी ग्रीनिचच्या वेळेत), आणि शेवटचे सहा म्हणजे ट्रेस नंबर. ट्रेस नंबर फिरून परत येतो म्हणून नुसता तो देऊन भागत नाही, मशीन आयडी आणि तारीखही हवी. स्लिप आली नसेल तर स्टेटमेंटमधल्या ओळीत आरआरएन बहुतेक मिळतोच.

शोधयात्री

ताई, मनापासून आभार. उद्याच लेखी देतो. मला मोजणीचा ताळा मागता येतो हेच माहीत नव्हतं.

गौरी_क

माझी पण एक शेवटची शंका. एका नातेवाइकांना अडकलेले पैसे दोनदा परत आले, आणि काही दिवसांनी बँकेने त्यातले एका वेळचे काढून घेतले. ते फार चिडले होते. असं का?

रेकॉन_ताई

रिव्हर्सल उशिरा पोचलं आणि तोवर तक्रारीवरून कुणीतरी हाताने पैसे जमा केले, किंवा उलट. दोन्ही वाटा एकमेकींना बघत नाहीत, ताळा लावताना ते सापडतं आणि एक जमा मागे घेतली जाते. पैसे काढून घेणं बरोबर आहे, पण न कळवता काढणं बरोबर नाही, त्याबद्दल त्यांनी जरूर विचारावं. स्टेटमेंटवर दोन्ही जमा आणि नंतरची वजावट एकाच आरआरएनवर दिसते का ते आधी बघायला सांगा. वजावट वेगळ्या आरआरएनवर असेल तर तो दुसराच व्यवहार असू शकतो, आणि तसं निघालं तर नवीन तक्रार टाकावी लागेल.